डावखुरी गाडी आणि जमादार

आमच्या नाक्यावरचे जमादार गाडी थांबवताना डोळे मिटायचे. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, काठी आपटणं नाही. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहायचे, उजवा हात खांद्याच्या वर न्यायचे आणि देवासमोर उभं राहावं तसे डोळे मिटून घ्यायचे. सागवानाचे ओंडके भरलेला ट्रक उतारावरून अंगावर येतो आहे आणि हा उंचापुरा माणूस डोळे मिटून उभा! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ब्रेकवर असा पाय दिला, की शेजारी बसलेल्या ठेकेदाराच्या मुनीमजींचं कपाळ काचेवर आपटलं. खाली उतरून मी विचारलं, "जमादारभाऊ, डोळे काऊन मिटता?" ते शांतपणे म्हणाले, "उघडे ठेवले तं म्या हलीन. म्या हललो तं सरकार हललं."

याच माणसामुळे माझं लायसन गेलं. वर्षभर मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की तेवढ्यात एखादा गाव बाटला असता. आता ते नाहीत आणि मी त्यांचं कौतुक लिहायला बसलो आहे, म्हणून कोणी मला क्षमाशील वगैरे समजू नये. मी मुळीच क्षमाशील नाही. ज्याला क्षमा करायची नाही त्याचंही नाव पुढे येणारच आहे. नाव म्हणजे आम्ही त्याला जे म्हणत होतो तेच, छोटे मालक.

हे सगळं चांदा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता तेव्हाचं. गडचिरोलीला तेव्हा जिल्हा म्हणून कोणी ओळखत नव्हतं. ते चांद्यातच होतं. चांद्याहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जंगल सुरू होतं तिथे हा नाका. एक आडवा बांबू, पोलिसांची कौलारू चौकी आणि समोर चहाचं दुकान. मी एका लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक चालवत होतो. आठवड्यातून चारदा तरी जमादारांच्या हाताखालून जावं लागायचं, आणि दर खेपेला तोच पाठ व्हायचा.

तो पाठ मला अजून येतो. गाडी थांबली की आधी इंजिन बंद. "इंजिन चालू ठेवून माह्याशी बोलू नोको. ते बोलते का तू बोलतं, मले समजत नाई." मग दोन्ही हात स्टेअरिंगच्या चाकावर, दिसतील असे. कागद खिशात असो की सीटखाली, हात घालायच्या आधी तोंडाने सांगायचं. "सांगितल्याबिगर हात घातला, तं मले काय मालूम तू लायसन काढून राह्यला का सुरी?" आणि सगळ्यात कडक नियम हा, की सांगितल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही. उतरला तो एक तर पळायला उतरला, नाही तर मारायला, असं त्यांचं मत होतं. तिसऱ्या कारणासाठी कोणी उतरू शकतो हे त्यांना पटतच नसे.

वाद घालणाऱ्यावर ते कधी चिडत नसत. ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "तुवं बरोबर असन. पन वाद कचेरीत घाल. रस्त्यावर फक्त थांबाचं." पैसे घेत नसत. त्यामुळे आम्हा ड्रायव्हरांची मोठी पंचाईत व्हायची. घेणाऱ्याला कसं वागवायचं ते आम्हाला ठाऊक होतं. या माणसापुढे खरोखरच नीट वागावं लागायचं.

थांबलेल्या गाडीशी ते यायचे नेहमी तिच्या उजव्या बाजूने. हात खाली आणला की डोळे उघडून तीन पावलं चालायचे, उजव्या खिडकीशी वाकायचे आणि म्हणायचे, "नाव सांग, डायवर." माझं नाव त्यांना पाठ होतं, तरी विचारायचे आणि मी सांगितलं तरी पुढे डायवरच म्हणायचे. बाजारात भेटलो तरी डायवर, आजारी असताना पाहायला आले तरी, "डायवर, बरं हाये काय?" जिल्ह्यात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, ज्याला चालवता येई त्याचं तेच नाव पडायचं. मलाही त्याचा अभिमानच वाटायचा. पुढे याच शब्दाने माझा गळा धरला.

ठेकेदाराचा मुलगा म्हणजे छोटे मालक. नागपूरला शिकायला गेले आणि शिक्षण सोडून एक गाडी घेऊन परत आले. लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी, डोक्यावर छत नाही, आणि जमिनीला इतकी चिकटलेली, की बैलगाडीच्या चाकोरीत तिचं पोट घासायचं. शर्यतीची गाडी आहे म्हणायचे. कुठल्याशा परदेशी साहेबाने देश सोडून जाताना विकलेली. तिची एक गंमत होती. तिचं स्टेअरिंग डावीकडे होतं. आपल्याकडे ड्रायव्हर जिथे बसतो तिथे या गाडीत दुसरा माणूस बसायचा.

पहिल्या फेरीला छोट्या मालकांनी मला बरोबर घेतलं. रस्ता मला ठाऊक, पंक्चर काढायला मी. त्यांनी मला उजवीकडे बसवलं आणि स्वतः डोळ्यांवर काळा चष्मा चढवून डावीकडे बसले. मुरुमाच्या रस्त्यावर ती गाडी अशी सुटली, की मागे धुळीची भिंत उभी राहिली. नाका दिसला. जमादार मधोमध उभे, हात वर, डोळे मिटलेले. मी ओरडलो, "मालक, थांबवा! ते हटत नाईत!" छोटे मालक हसले आणि म्हणाले, "हटेल रे. सगळे हटतात."

जमादार हटले नाहीत. शेवटच्या क्षणी मालकांनी गाडी वळवली, पण मागचं चाक जमादारांच्या डाव्या पायावरून गेलं. तीस-चाळीस पावलांवर गाडी थांबली. मी उजवीकडून उडी मारली आणि धुळीतून मागे पळालो. कोणी सांगितल्याशिवाय गाडीतून उतरलो, तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग. जमादार रस्त्यावर पडले होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर मी वाकलेला. ते एवढंच म्हणाले, "डायवर, तू?" आणि मागून छोटे मालक, गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहून, सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असे माझ्यावर ओरडले, "गधे, बघून चालवता येत नाही? माणूस मारशील ना!"

त्या माणसाची अक्कल किती वेगाने चालली हे मला नंतर कळलं. लोक जमादारांभोवती जमले, तेवढ्यात डॉक्टर आणतो म्हणून तो गाडीत बसला आणि निघून गेला. तिकडे कोणी पाहिलंच नाही. डॉक्टर काही आला नाही. आम्ही जमादारांना लाकडाच्या ट्रकवर घालून चांद्याला नेलं. त्यांच्या डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. ती लाल गाडी त्याच दिवशी नागपूरला गेली आणि पुढचे सात-आठ महिने जिल्ह्यात दिसली नाही.

चौकशीत एकही माणूस खोटं बोलला नाही, हे मला आजही सहन होत नाही. म्हणजे एक सोडून. चहावाल्याने शपथेवर सांगितलं, हा उजवीकडून उतरला आणि मालक डावीकडे होते. खरंच होतं. बांबू उचलणाऱ्याने तेच सांगितलं. जमादारांनी दवाखान्यात पडल्या पडल्या जबाब दिला, "डायवर उजवीकून उतरून आला, म्या सोता पाह्यलं." तेही खरंच. मी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे हात जोडून सांगितलं, की साहेब, त्या गाडीचं चाक डावीकडे आहे. मालकांचा वकील हसला. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तू ड्रायव्हर आहेस ना?"

"हो, साहेब."

"मग गाडी दुसरं कोण चालवणार?"

लायसन जप्त झालं आणि ठेकेदाराने कामावरूनही काढलं. चांद्याच्या लाकूडडेपोत मी सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, ओंडके ढकलायला लागलो. तळहात सोलून निघायचे. ज्या ट्रकांची नस न् नस मला माहीत होती, ते माझ्यासमोरून चुकीच्या गिअरमध्ये कण्हत जायचे आणि मला रडू यायचं. छोट्या मालकांपर्यंत माझा हात पोचत नव्हता. जमादारांपर्यंत पोचत होता. ते कुबडी टेकत पुन्हा नाक्यावर रुजू झाले असं कळलं, त्या दिवशी मी सब्बल खांद्यावर टाकली आणि तडक निघालो.

चौकीच्या ओट्यावर ते बसले होते. मला पाहिलं, सब्बल पाहिली. उठले नाहीत. म्हणाले, "मारतं काय? मार. पन पयले सांग, काऊन?"

"तुमच्या जबाबानं माही रोटी गेली," मी म्हणालो. "चाक डाव्या हाताले होतं. मालक चालवून राह्यले होते. म्या तुमाले उचलाले उतरलो, अन् तुमी मलेच फासावर देल्लं."

"डाव्या हाताले चाक? गाडीले?" त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "घेऊन आला काय रे बाप्पा?"

मी सब्बल खाली टाकली. दारू प्यायलेला म्हटल्यावर मारायचीसुद्धा इच्छा राहिली नाही. पण राग गेला नव्हता. डेपोला सुटी असली की मी नाक्यावर जायचो, समोरच्या चहाच्या दुकानात बसायचो आणि तासन्‌तास जमादारांकडे डोळे वटारून बघायचो. तेवढाच सूड माझ्या हातात होता. दोन-तीन रविवार असे गेल्यावर ते रस्त्यापलीकडून चहावाल्याला म्हणाले, "त्याले चाय दे बावा. राग कराले ताकद लागते." तो चहा मी प्यायलो आणि पिता पिताही वटारून बघत राहिलो.

पावसाळा संपून रस्ते वाळले आणि एका रविवारी ती लाल गाडी आली. जमादारांनी कुबडी बांबूला टेकवली, लंगडत रस्त्याच्या मधोमध गेले, हात वर केला आणि डोळे मिटले. पण या वेळी गाडी थांबली. एकदा निभावलेल्या माणसाला दुसऱ्यांदा जोखीम नको असते. जमादारांनी डोळे उघडले, सवयीप्रमाणे तीन पावलं गाडीच्या उजवीकडे टाकली, वाकले आणि म्हणाले, "नाव सांग, डायवर."

उजवीकडे छोट्या मालकांचा शिकारी कुत्रा बसला होता.

जमादार वाकलेलेच राहिले. कुत्रा त्यांच्याकडे बघतो आहे, ते कुत्र्याकडे. मग त्यांची नजर सावकाश पलीकडे गेली, चाक धरलेल्या हातांवर. मग ते सरळ झाले आणि त्यांनी वळून रस्त्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा वटारून बघत नव्हतो. मला एकदम हुंदका आला होता.

छोटे मालक इंजिन गुरगुरत ठेवून, चष्मा न काढता म्हणाले, "काय बघतोस? मी कोण आहे माहीत आहे ना?"

"तेच तं लिहून द्या, मालक," जमादार इतक्या गोड आवाजात म्हणाले, की मी त्यांना ओळखलंच नाही. "जिंदगीत अशी गाडी पाह्यली नाई म्या. आमच्या बुकात तुमच्या हातानं लिवा, कशी हाये ते. वरच्या साहेबाले दाखवतो."

आणि त्या मूर्खाने लिहिलं! नाक्याच्या वहीत, झोकदार अक्षरात, की गाडी परदेशी आहे, स्टेअरिंग डाव्या बाजूस आहे, अशी गाडी जिल्ह्यात दुसरी नाही, आणि घेतल्या दिवसापासून मालकाने स्वतःशिवाय कोणालाही तिच्या चाकाला हात लावू दिलेला नाही. खाली लपेटदार सही. गाडी गेल्यावर जमादार वही घेऊन लंगडत माझ्याकडे आले, बाकावर बसले. मग म्हणाले, "पायाचं मले काई नाई. माह्या तोंडून त्यानं खोटं वदवलं. आता त्याले सोडत नाई म्या."

जबाब बदलला तर नोकरीवर गदा येईल, असं त्यांना फौजदाराने बजावलं होतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी त्यांना थांबवलं नसतं. मी तेव्हा कोणाच्या नोकरीचा विचार करण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

सुनावणीची तारीख पडेपर्यंत दोन महिने गेले. ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड. छोट्या मालकांना कामासाठी त्याच रस्त्याने जावं लागायचं, आणि दर खेपेला जमादार त्यांना पहिलीच्या पोराला शिकवावं तसं शिकवायचे. "इंजिन बंद करा, मालक. नाई, पुरतं बंद. आता हात चाकावर. दोन्ही. चष्मा काढा, डोळे दिसले पाह्यजेत. आता नाव सांगा. बापाचं बी सांगा." मालक उर्मटपणे बोलले की जमादार म्हणायचे, "ऐकू नाई आलं, पयल्यापासून करू." ट्रकवाले मुद्दाम मागे रांग लावून बघायचे. दोन मिनिटांचं काम तासभर चालायचं. शेवटी शेवटी लाल गाडी नाका दिसताच आपोआप हळू व्हायची, इंजिन बंद पडायचं, दोन्ही हात चाकावर यायचे आणि चष्मा उतरायचा. मी समोर बसून चहा प्यायचो आणि प्रत्येक घोट चवीने घ्यायचो. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही होतं असं मला आजही वाटत नाही.

सुनावणीला साहेबांनी वही वाचली आणि गाडी आवारात हजर करायला लावली. जमादार म्हणाले, "हुजूर, एक अर्ज हाये. तुमी गाडी चालवता म्हणते. जरा बसून पाहा." साहेब बाहेर आले, गाडीचं दार उघडलं, ऐटीत बसले आणि दोन्ही हात पुढे केले. समोर काहीच नव्हतं. साहेब उजवीकडे बसले होते. आवारात वकील, अशील, चपराशी सगळे उभे होते. हसायची कोणाची छाती झाली नाही. साहेब तसेच हात पुढे धरून काही क्षण बसले, मग डावीकडचं चाक पाहिलं, आणि मग गर्दीत मला शोधलं. त्या नजरेसाठी मी वर्षभर ओंडके ढकलले होते.

माझं लायसन मला परत मिळालं. छोट्या मालकांचं गेलं, खोटं बोलल्याबद्दल वर शिक्षाही झाली, आणि ती गाडी पुढे त्यांच्या गोठ्यात कोंबड्यांच्या विष्ठेने पांढरी झाली. मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. पण ठेकेदाराचेही हात लांब होते. खोटा जबाब आधी कोणी दिला, असा प्रश्न वरून आला. जमादारांनी लिहून दिलं, "म्या दिला. चूक माही." त्यांच्या बाहीवरच्या तिन्ही फिती उतरवल्या आणि साधा शिपाई म्हणून पार टोकाला, सिरोंच्याला पाठवलं.

मी तोवर दुसऱ्या एका ठेकेदाराच्या ट्रकवर लागलो होतो. त्यांना सोडायला मीच नेलं. वैनगंगा तराफ्यावरून ओलांडली, आलापल्लीचं जंगल लागलं. त्यांची पत्र्याची ट्रंक मागे, ते माझ्या शेजारी. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "डायवर, राग हाये काय अजून माह्यावर?"

"नाई."

"खोटं बोलतं."

"थोडा हाये," मी म्हणालो.

ते समाधानाने मागे रेलले. "असू दे. थोडा असला पाह्यजे. म्या डोळे मिटून उभा राह्यलो अन् म्हणलं, का म्या पाह्यलं."

सिरोंच्याचा नाका आला तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथला जमादार जेमतेम पंचविशीचा, नुकतीच मिसरूड जाड झालेली, बाहीवर कोऱ्या करकरीत फिती. मी गाडी थांबवली. आमचे जमादार उतरले, सदरा ओढून सारखा केला, टोपी नीट बसवली आणि त्या पोरापुढे ताठ उभे राहून सलाम ठोकला.

"नवा शिपाई हजर हाये, जमादारसाहेब."

त्याने सलाम घेतला. खाली त्यांच्या पायांकडे पाहिलं. "सावधान म्हणजे काय, ठाऊक नाही का? पाय जुळव नीट."

माझे दात एकमेकांवर घासले गेले. छोट्या मालकाचा सूड पुरता उगवून झाला होता, आणि हा कोणावर उगवायचा ते मला कळेना. जमादारांनी खाली वाकून डाव्या पायाचा बूट दोन्ही हातांनी धरला, उचलला आणि उजव्याच्या शेजारी आणून ठेवला.